दुकान काढायचंय? आधी फुकटच्या तासांचा हिशेब मांडा

सहकारी सायकल कार्यशाळा म्हणजे स्वयंसेवकांच्या मदतीने लोक जिथे सायकलदुरुस्ती शिकतात ती जागा. तिच्या सभेत दुकानाचा विषय साधारण एकाच वाटेने येतो. जागेचं भाडं वाढलेलं असतं, एखादी देणगी आटलेली असते आणि कोणीतरी म्हणतं, "एवढे लोक आपल्याकडे येतात, टायर-ट्यूब मात्र बाहेरून आणतात. आपणच का विकू नये? नफा कार्यशाळेला लावू." माना डोलतात. पुढच्या अर्ध्या तासात दुकानाचं नाव ठरतं, पाटीचा रंगही ठरतो. वही कोणी उघडत नाही.

मी अशा संस्थेची खजिनदारी केली आहे आणि हात काळे करत, दुरुस्तीसाठी सायकल टांगायच्या स्टँडपाशीही उभा राहिलो आहे. दुकान काढूच नका, असं मी म्हणणार नाही. पण तुमची कार्यशाळा आज ज्या बिनपगारी तासांवर चालते त्यांची किंमत कळेपर्यंत ठराव मांडू नका. अशा दुकानांत नफा दिसतो खरा, पण वही नीट वाचली की तो बहुधा स्वयंसेवकांनी न घेतलेला पगार निघतो. ते दमून यायचे थांबले की नफाही थांबतो.

पहिली पायरी: दुकान कोणासाठी, ते एका वाक्यात लिहा

"संस्थेसाठी" हे उत्तर चालणार नाही. कार्यशाळेचा खर्च भागवण्यासाठी, की जे लोक इथे काम शिकले त्यांना पगाराचं काम देण्यासाठी, की परिसरात परवडणारी सायकल मिळत नाही म्हणून? या तीन उद्देशांची तीन वेगळी दुकानं होतात. पहिल्यात भाव बाजाराइतके ठेवावे लागतात. दुसऱ्यात पगार आधी आणि शिल्लक नंतर. तिसऱ्यात नफा जवळपास सोडून द्यावा लागतो. तिन्ही एकाच गल्ल्यातून साधायला गेलात तर प्रत्येक सभेत तेच भांडण नव्याने होईल.

जगात या तऱ्हा वेगवेगळ्या चालत आल्या आहेत. एडिनबर्गची बायसिकल को-ऑपरेटिव्ह १९७७मध्ये कामगारांच्या मालकीची संस्था म्हणून उभी राहिली. तिचा पाया दुकानदारीच होता, पुढे इतर शहरांतही तिच्या शाखा निघाल्या. बॉस्टनच्या बाइक्स नॉट बॉम्ब्स या संस्थेची सुरुवात १९८४ची, निकाराग्वाला सायकली पाठवण्यापासून. पुढे मुलांना सायकलदुरुस्ती शिकवणं हे तिचं मुख्य काम झालं आणि दुकानाने त्याला हातभार लावला. शिकागोची वर्किंग बाइक्स देणगीतल्या काही सायकली विकते आणि त्या पैशावर बाकीच्या गरजूंना देते, परदेशीही पाठवते. या तिघींपैकी आपण कोणाच्या जवळ आहोत हे आधी ठरवा. सभेत तिघींची उदाहरणं एका दमात दिली जातात आणि तिथेच घोटाळा सुरू होतो.

दुसरी पायरी: ८ आठवडे तासांची वही ठेवा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्टँडशेजारी वही दोरीला बांधून ठेवा. प्रत्येकाने चार गोष्टी लिहायच्या: काय केलं, किती मिनिटं, कोणाच्या सायकलवर आणि पैसे आले का. झाडलोट, सुट्या भागांची वर्गवारी, दारात उभं राहून माहिती देणं, हरवलेला पाना शोधणं, हेसुद्धा लिहायचं. पहिल्या आठवड्यात लोक हसतील, दुसऱ्यात विसरतील. तिसऱ्या आठवड्यापासून वही खरं बोलू लागते.

आमच्या वहीतली एक नोंद देतो. देणगीत आलेली जुनी स्टीलची सायकल. रंग शाबूत, सीट नवी, दिसायला झकास, म्हणून विकायला काढली. सीटचा दांडा फ्रेममध्ये गंजून बसला होता. रात्रभर तेल सोडून ठेवलं, दुसऱ्या दिवशी दोघांनी पिळून पिळून काढला. दोघांचे मिळून १०० मिनिटं. मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढताना दोन आरे तुटले. त्या लांबीचे आरे शोधण्यात २५ मिनिटं, बसवून चाक सरळ करण्यात ५०. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या भागाच्या, कपात खड्डे पडलेले, म्हणजे नवे बॉल घालूनही खरखर राहणार होती. कप आणि अ‍ॅक्सल बदलले, ५५ मिनिटं. चेन, फ्रीव्हील, टायर, केबल, ब्रेकपॅड मिळून ७५. धुणंपुसणं ४०. फेरी मारून पुन्हा आवळाआवळ २०.

बेरीज ६ तास ५ मिनिटं. सायकल विकली गेली तेव्हा सगळे खूश, कारण "फुकट आलेल्या मालाचे पैसे झाले". मी सुट्या भागांची किंमत वजा केली आणि उरलेली रक्कम ६ तासांत वाटली. पगारी मेकॅनिकच्या तासाच्या वेतनाच्या निम्मीही पडेना.

या नोंदीनंतर आम्ही दारातच १० मिनिटांची पारख सुरू केली. सीटचा दांडा आणि हँडलचा दांडा हलतो का? फ्रेमला जोडांपाशी चीर आहे का? चाकं हाताने फिरवून किती डगमगतात? क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, धरून हलवला तर खेळ आहे का? यांपैकी दोन ठिकाणी नापास झालेली सायकल विक्रीच्या रांगेत जाणार नाही. ती सुट्या भागांसाठी मोडायची, नाहीतर शिकवणीच्या वर्गाला द्यायची. गंजून बसलेला दांडा ही दुकानाच्या दृष्टीने कटकट, पण शिकणाऱ्यासाठी याहून चांगला धडा नाही. एकाच सायकलची किंमत दोन टेबलांवर किती वेगळी होते, हे एवढ्या एका गोष्टीत दिसतं.

तिसरी पायरी: तासाचा खरा भाव काढा

चलन बाजूला ठेवू, म्हणजे हिशेब कुठेही लागू होईल. मेकॅनिकचं एका तासाचं वेतन म्हणजे १ माप, असं धरा.

समजा दुकानात दोन पगारी मेकॅनिक आहेत, महिन्याला प्रत्येकी १६० तास. वेतन झालं ३२० माप. त्यावर विमा, रजा, भविष्यनिधी वगैरे मालकाच्या डोक्यावरचा खर्च २० टक्के धरा, म्हणजे ६४. भाडं, वीज, जागेचा विमा, हिशेबनीस यांचे १२० धरा. एकूण ५०४ माप.

आता ३२० तासांपैकी गिऱ्हाइकाच्या बिलावर किती तास चढतात? नवशिक्या समित्या इथे ३२० लिहितात. प्रत्यक्षात फोन घ्यावा लागतो, माल मागवावा लागतो, "जरा हवा भरून द्या" म्हणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. ५५ टक्के तास बिलावर चढले असं धरलं तर ते होतात १७६. ५०४ भागिले १७६ म्हणजे २.८६. निव्वळ दुरुस्तीवर दुकान चालवायचं असेल तर तासाचा भाव वेतनाच्या जवळजवळ तिप्पट ठेवावा लागेल, तेव्हा कुठे ना नफा ना तोटा. महिन्याला ३०० मापांचे सुटे भाग विकले आणि त्या विक्रीत ४० टक्के सुटले, तर १२० माप तिथून येतात आणि तासाचा भाव २.१८वर उतरतो. सुटे भाग ठेवल्याशिवाय दुरुस्तीचं दुकान का चालत नाही, ते या दोन आकड्यांत आहे.

तुमचे आकडे वेगळे येतील, यायलाच हवेत. पण ५५ टक्क्यांच्या जागी स्वतःच्या वहीतला आकडा घाला, मनातला नको.

आता सभासदांची सवलत. हा विषय निघाला की मला घाम फुटतो, कारण आमच्याकडे ती मीच सुचवली होती. १००ला आणलेली वस्तू आपण १४०ला विकतो, सुटतात ४०. सभासदाला १० टक्के सवलत दिली की ती १२६ला जाते आणि सुटतात २६. ऐकायला सवलत १० टक्क्यांची, पण आपली कमाई कापली जाते ३५ टक्क्यांनी. तेवढीच कमाई परत मिळवायला निम्म्याहून जास्त विक्री वाढवावी लागते. शिवाय १४०ला विकलेल्या वस्तूवर "४० टक्के नफा" म्हणणारा खरेदीवर मोजतो आहे; विक्रीवर मोजलं तर तो २८.६ टक्के भरतो. ही दोन मापं एकाच तक्त्यात मिसळली की अंदाजपत्रक पहिल्याच महिन्यात लंगडं होतं. सवलत द्यायचीच असेल तर वर्षाअखेरीस शिल्लक पाहून, खरेदीच्या प्रमाणात परतावा द्या. सहकारात ही रीत जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ सभासदांनी १८४४मध्ये दुकान उघडलं, तेव्हाच तिथे बाजारभावाने विकून नंतर खरेदीप्रमाणे वाटप करायचा नियम धरला गेला.

चौथी पायरी: कायदा आणि माणसं, दोन्हींची हद्द आखा

नियम देशागणिक वेगळे असल्याने नोंदणीचा कायदा जाणणाऱ्याकडे जाणं टळणार नाही. मात्र जाण्याआधी प्रश्न तयार ठेवा. आपल्या नियमावलीत व्यापाराला मुभा आहे का? धर्मादाय म्हणून मिळणारी करसवलत व्यापारी उत्पन्नाला लागू होते का? दुकान बुडालं तर कार्यशाळेची हत्यारं आणि ठेवी जप्त होऊ शकतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर दुकानाची वेगळी संस्था काढण्याचा विचार करा. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्था व्यापारासाठी अशी उपकंपनी काढतात.

अमेरिकेच्या करनियमांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. करमुक्त संस्थेने मूळ उद्देशाबाहेर नियमित व्यापार केला तर त्यावर कर लागतो. पण जवळपास सगळं काम बिनपगारी माणसं करत असतील, किंवा विकला जाणारा माल बहुतेक देणगीतला असेल, तर सूट आहे. कार्यशाळेतली जुन्या सायकलींची विक्री यात आरामात बसते. पगारी मेकॅनिक आणि विकत आणलेला माल आला की दोन्ही खांब निखळतात.

स्वयंसेवकांचा प्रश्न याहून नाजूक. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे लोक आपल्याकडे आहेत म्हणून संस्था उभी आहे. पण नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी धंद्यात बिनपगारी राबवून घेणं अनेक ठिकाणी कामगार कायद्याला चालत नाही. अमेरिकेत तर नाहीच. कायदा सोडा. एकाच स्टँडवर एकाला पगार आणि शेजारच्याला चहासुद्धा नाही, हे किती दिवस चालेल?

आमच्याकडचा एक शनिवार आठवतो. एक बाई पोराची सायकल घेऊन आल्या. पाच वाजता घ्यायला येते म्हणाल्या, पैसेही आगाऊ भरले. त्याच स्टँडवर आमचा एक स्वयंसेवक एका मुलीला आऱ्यांचा ताण कसा ओळखायचा ते शिकवत होता. दोन आरे बोटांत दाबून, पुढचे दोन दाबून, आवाज ऐकत. ती नुकतीच रंगात आली होती. पगारी मेकॅनिक घड्याळाकडे बघत होता. साडेचारला त्याने चाक तिच्या हातातून घेतलं आणि "मी पटकन करतो" म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. ती मुलगी मात्र पुन्हा आली नाही.

तेव्हापासून नियम कडक केला: दुकानाचा स्टँड वेगळा, हत्यारांचा फळा वेगळा, वेळाही वेगळ्या. जागा एकच असेल तर दिवस वाटून घ्या. स्वयंसेवक शिकवतील, दुकानाच्या बिलावरचं काम करणार नाहीत. पगारी मेकॅनिकच्या आठवड्यातले काही तास शिकवणीसाठी असतील तर ते पगारासकट लिहून ठेवा आणि ते तास कार्यशाळेच्या खात्यात टाका. देणगीतल्या भागांचा डबा आणि विकत आणलेल्या भागांचा डबा कधीही एक होऊ देऊ नका. दुकानाला देणगीतला भाग लागला तर ठरलेल्या भावाने चिठ्ठी फाडून घ्यायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण सहकारी संस्थेच्या सुट्या भागांच्या कपाटाकडे बघूनच कोणीतरी रचली असावी.

पाचवी पायरी: माल थोडा आणि कंटाळवाणा ठेवा

रॉचडेलच्या त्या दुकानात पहिल्या दिवशी लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. सायकलच्या दुकानाचं लोणी-पीठ म्हणजे ट्यूब, टायर, ब्रेकपॅड, केबल, चेन, पंक्चरचं सामान आणि वंगण. झिजतं ते आधी ठेवा, मिरवतं ते नंतर.

तरी टायरमध्येही फसायला होतं, कारण इंचातली नावं दिशाभूल करतात. '२६ इंची' म्हणून येणारं टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमचं असू शकतं, ५८४चं किंवा ५९०चंही. '२८ इंची' म्हणजे ६२२ किंवा ६३५. एकाचं टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या बाजूवर '३७-६२२' असा आकडा असतो. त्यातला पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या बैठकीच्या व्यासाचा. आयएसओ ५७७५ या मानकातली ही पद्धत आहे. तासांच्या वहीत दुरुस्त झालेल्या प्रत्येक सायकलचा हा दुसरा आकडा लिहीत गेलात, तर ८ आठवड्यांत काय मागवायचं ते आपोआप कळेल.

नव्या सायकली? सुरुवातीला नको. त्या जागा खातात, खेळतं भांडवल अडकवतात, आणि हंगाम गेला की भाव पाडून विकाव्या लागतात. २०२०मध्ये महामारीत सायकलींची टंचाई झाली, दुकानदारांनी घाबरून भरमसाट मागणी नोंदवली आणि माल पोचला तोवर गिऱ्हाईक ओसरलं होतं. पुढची दोन-तीन वर्षं जगभर सवलतींचा पूर आला. विगलसारखा मोठा ऑनलाइन विक्रेताही ऑक्टोबर २०२३मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. तुमच्या दहा सायकली त्यांच्या पडेल भावाशी स्पर्धा करू शकल्या नसत्या.

जुन्या सायकली विकताना तीन गोष्टी ढिल्या सोडू नका. फ्रेमचा क्रमांक, बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला, नोंदवून ती चोरीची नाही ना ते तपासा. तपासणीचा कागद करा: ब्रेक, हँडलची पकड, चाकाचे नट, चेनची झीज, पॅडल. दुरुस्त करणारा एक आणि सही करणारा दुसरा, नेहमी. आणि विकलेल्या मालामुळे कोणाला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा विमा विक्रीच्या आधी घ्या. कार्यशाळेचा जुना विमा विक्रीला लागू असेलच असं नाही. देणगीत आलेल्या लिथियम बॅटऱ्यांना दारातच नम्र नकार द्या. आतून दुखावलेली बॅटरी बाहेरून ठणठणीत दिसते आणि पेटली की सहज विझत नाही.

सहावी पायरी: १२ आठवड्यांची चाचणी, थांबण्याच्या अटींसह

भाडेकरार, पाटी, कर्ज यांतलं काहीही करू नका. असलेल्या जागेत आठवड्यातून दोन दिवस पगारी दुरुस्तीचं टेबल लावा, पूर्ण भावाने. ओळखीच्यांनाही पूर्ण भाव. चाचणी त्याचीच आहे.

कधी थांबायचं ते मात्र सुरू होण्याआधी सर्वसाधारण सभेत ठराव करून लिहा, कारण नंतर प्रत्येकाला "अजून एक महिना" हवा असतो. आमच्या तीन अटी होत्या. शेवटच्या चार आठवड्यांत पगारी तासांपैकी निम्मे तरी बिलावर चढले पाहिजेत. दुकानामुळे शिकवणीची संध्याकाळ दोनदापेक्षा जास्त रद्द होता कामा नये. आणि बँकेतली शिल्लक दोन महिन्यांच्या ठरावीक खर्चाखाली गेली की त्याच दिवशी टेबल बंद. तुमच्या अटी तुम्ही ठरवा, पण त्यात एक अट पैशाबाहेरची हवी.

याच ठरावात दुकान सांभाळणाऱ्याला किती रकमेपर्यंत न विचारता खरेदी करता येईल तेही घाला. प्रत्येक चेनसाठी समिती बोलावणारं दुकान चालत नाही, आणि समितीला न सांगता वीस हेल्मेटं मागवणारंही. शिल्लक पडली तर किती राखीव निधीत, किती कार्यशाळेला, किती पगारवाढीला, हे शिल्लक पडण्याआधी ठरवणं सोपं जातं. तेव्हा कोणाचंच काही जात नसतं.

आणि चाचणी नापास झाली तर

आमची पहिली झाली. बिलावर ४१ टक्के तास चढले. सभेत दोन-तीन चेहरे पडले, पण कर्ज नव्हतं, पाटी नव्हती, कोणाची नोकरी गेली नाही. ती वही समोर ठेवून आम्ही तीन लहान गोष्टी केल्या. स्टँड तासाच्या भाड्याने द्यायला लागलो, मदत हवी तर वेगळा दर. महिन्यातून एक शनिवार फक्त पारख झालेल्या जुन्या सायकलींची विक्री. आणि जवळच्या एका दुकानदाराशी बोलणं केलं: तो हायड्रॉलिक ब्रेकचं आणि घाईचं काम घेतो, आम्ही त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवतो, त्याच्याकडून टायर-ट्यूब घाऊक भावाने घेतो. त्याला वेळेअभावी नकोशी वाटणारी जुनी कामं, गंजलेले दांडे, अडकलेले कप, आता आमच्या बुधवारच्या वर्गाला येतात.